रोज एक नवं मडकं

मी त्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी शाळेच्या मडक्यातून आपल्या हाताने पाणी घेऊन प्यायले. दुसऱ्या दिवशी ते मडकं शाळेमागच्या निवडुंगाशी फुटून पडलं होतं आणि ओट्यावर नवं कोरं मडकं भरून ठेवलं होतं. मी त्यातूनही प्यायले. तिसऱ्या दिवशी आणखी नवं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या गावात माझ्याशी कोणी भांडणार नाही, ते फक्त मडकी फोडत राहणार.

माझं घर लोधिवलीला. मी अकरा वर्षांची असताना वडिलांनी दीक्षा घेतली, आम्ही बौद्ध झालो, आणि वडिलांनी आईला सांगितलं, की आजपासून कोणाच्या दारात ओंजळ धरून उभं राहायचं नाही. आईने ते मनावर घेतलं. मी तर जरा जास्तच घेतलं. शिकले, मास्तरीण झाले, आणि साठच्या दशकाच्या शेवटी चौक गावापासून दोन मैल आत एका गावात माझी नेमणूक झाली. दोन खोल्यांची शाळा, चौथीपर्यंतचे वर्ग, एक हेडमास्तर आणि एक मी. तोंडाळ म्हणून मी आधीपासूनच प्रसिद्ध होते. नोकरी लागल्यावर त्यात पगाराची भर पडली, एवढंच.

त्या शाळेत गावाबाहेरच्या आमच्या लोकांच्या वाडीवरच्या चार मुली येत. पाण्याची सुट्टी झाली की चौघी ओट्याच्या खाली उभ्या राहत, दुसरं कोणीतरी पेला भरून वरून धार धरी, आणि ह्या खाली ओंजळ करून पीत. विटक्या रंगाचे झगे, मनगटापासून कोपरापर्यंत ओघळ. ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं. स्वतः प्यायले आणि पेला भरून त्या चौघींच्या हातात दिला. "अशा प्यायच्या," म्हटलं. तिसरीतली एक म्हणाली, "बाई, आमाला मारतील." म्हटलं, "मारलं तर मला सांग." मारलं कोणी नाही. मडकं फुटलं.

फोडायला पाटील स्वतः येत. पाटीलकी कागदावरून गेली होती, गावातून गेली नव्हती. सत्तरीचा माणूस, धुवट धोतर, हातात काठी. शाळा सुटल्यावर यायचे, त्यांचा माणूस मडकं उचलून निवडुंगापर्यंत नेई, आणि ते काठीचा एकच टोला द्यायचे. सकाळी तोच माणूस नवं आणून ठेवी. रस्त्यात भेटले तर मला म्हणत, "काय बाई, बरं हाय ना? एष्टी मिळते ना वेळेवर?" इतकं अगत्य, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शिवी दिली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ह्याला काय उत्तर देणार?

हेडमास्तर भला माणूस, पण घाबरट. म्हणाले, "बाई, तुम्ही घरून फिरकीचा तांब्या आणत चला ना. कशाला उगाच?"

"गुरुजी, माझ्यापुरता आणीन हो. त्या चौघींचं काय?"

"त्यांना आजवर पाणी मिळत नव्हतं का?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात खरं ते सांगितलं. पाटलांनी एक शब्द टाकला तर गावातली पोरं शाळेत यायची बंद होतील. पट खाली गेला की शाळा बंद. शाळा बंद झाली तर बाकीची पोरं चौकच्या शाळेत जातील, आणि ह्या चौघी जातील शेणी थापायला. कायदा माझ्या बाजूने होता, ते मला ठाऊक होतं. तक्रार केली असती तर पोलीस आले असते, मडकं वाचलं असतं आणि शाळा गेली असती. म्हणजे मी माघार घेतली तर चौघींची ओंजळ कायमची, आणि मी फार ताणलं तर चौघींची शाळाच गेली. ह्या दोन्हीच्या मधून वाट काढायची होती. मी रोज पाणी पीत राहिले, चौघींना देत राहिले, आणि रोज संध्याकाळी एक मडकं फुटत राहिलं.

परतीच्या एसटीला नाक्यावर मला एक सोबत होती. नाक्यावरच्या दवाखान्यातली नर्स. चाळिशीची, ख्रिस्ती, माहेर नगरकडचं. मी तिला ताई म्हणत असे. दिवसभर सुया, चिमटे, ट्रे उकळून तिचे हात पांढरेफटक पडलेले असत. तिला मी मडक्याची गोष्ट सांगितली तर ती हसायलाच लागली.

"हसतेस काय गं ताई? माझा जीव जातोय इथे."

"अगं, तुझ्यावर नाही हसत. हे आमच्या शास्त्रात आहे. जुन्या नियमांत. पाल, उंदीर असं काही मरून भांड्यात पडलं, की मातीचं भांडं फोडायचं. तांब्यापितळेचं असेल तर घासून, पाण्याने धुऊन परत वापरायचं. माती आत शोषून घेते ना, म्हणून तिला माफी नाही."

"वा! म्हणजे मी पालीच्या जागी."

ती माझा हात धरून म्हणाली, "तसं नव्हतं गं म्हणायचं मला." मला ठाऊक होतं. पण मी तिला तशीच सोडली नाही, म्हटलं, आता सांगायला बसलीच आहेस तर सगळं सांग. तुझ्या शास्त्रातल्या त्या लोकांकडे भांडी कसली, कशाला वापरत, कोण कोणाच्या भांड्याला शिवत नसे, सगळं.

आणि तिने सांगितलं. एसटी उशिरा येई, कधी येतच नसे, त्यामुळे आमची शाळा बरीच चालली. त्या देशातही पाणी भरणं बायकांचंच काम. खांद्यावर घागर आणि विहिरीची चढण. पीठ मातीच्या रांजणात, तेल लहान बुधलीत, दिवा मातीचाच. जमिनीच्या खरेदीचा कागद त्यांनी मडक्यात घालून ठेवल्याची एक गोष्ट तिने सांगितली. शहराला शत्रूचा वेढा पडलेला, उद्या जमीन राहील का जाईल ठाऊक नाही, आणि हा माणूस शेत विकत घेतो आणि कागद मडक्यात बंद करतो. का, तर ह्या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील, असा त्याला भरवसा. हे मला फार आवडलं. माझी आई भाताचं बियाणं राख घालून मडक्यात ठेवायची, तोंड शेणमातीने लिंपायची. पावसाळा येणार हे तिने धरूनच ठेवलेलं असायचं.

एक विधवा होती, घरात बुधलीभर तेल, बाकी काही नाही. संदेष्टा तिला म्हणाला, शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी माग, जितकी मिळतील तितकी. तिने मागून आणली, तेल ओतत गेली, आणि भांडी संपली तेव्हाच तेल थांबलं. मी विचारलं, "शेजाऱ्यांनी दिली भांडी? लगेच?"

"दिली असतील. तसं लिहिलंय."

"ती बाई आमच्यातली नसणार मग."

ताई खो खो हसली. ती चिडत नसे, हा तिचा मोठा गुण. तिच्या शास्त्रात माणसालाच मातीचं भांडं म्हटलंय, असं ती सांगे. कुंभार चाकावर भांडं घडवतो, बिघडलं तर तोच गोळा पुन्हा मळतो आणि दुसरं घडवतो. मी म्हणाले, चांगलं आहे तुमच्या देवाचं, आमच्या गावचे पाटील तर बिघडलेलं नसताना फोडतात.

मग एकदा तिने विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. बाई त्या लोकांना न चालणाऱ्या जमातीची. वरचे लोक तिच्या जमातीचं भांडं वापरत नसत. भर दुपारी ती पाणी भरायला आली, आणि ताईचा प्रभू विहिरीशी बसला होता. दमलेला. जवळ पोहरा नाही, भांडं नाही. तो तिला म्हणाला, मला पाणी दे.

मी ताठ बसले. "तो तिच्याकडे मागतो?"

"हो. तीच उलट विचारते, तू माझ्याकडे कसं काय मागतोस?"

"मग?"

मग त्यांचं बोलणं होतं, आणि ती बाई घागर तिथेच टाकून गावात पळत जाते. मला ते पटेना. म्हटलं, घागर टाकून गेली? कुठली बाई भरायची घागर विहिरीवर टाकून जाईल? घरी गेल्यावर सासूने पाठ सोलली असती. ते असो, पण त्याला पाणी मिळालं का? प्यायला का तो तिच्या घागरीतून? ताईने विचार केला. मग पिशवीतून पुस्तक काढून, बोट फिरवत दोनदा वाचलं.

"लिहिलेलं नाही गं," ती म्हणाली. "मी इतक्या वेळा वाचलं, पण हे कधी बघितलंच नव्हतं."

त्याच आठवड्यात तिने मला एक युक्ती सांगितली. तिच्या शास्त्रात एका लग्नघरात दगडाचे सहा रांजण असल्याचं येतं. दगडाचे का, तर त्या लोकांत दगडाला विटाळ धरत नसत. "शाळेत दगडाची डोणी ठेवा," ती म्हणाली. "तुमच्याकडे तरी पाट्याला, जात्याला कुठे विटाळ असतो? पाटलांची सोय, तुझीही सोय."

खोटं कशाला सांगू, मला मोह झाला. डोणी म्हणजे दगड कोरून केलेलं पाण्याचं भांडं, गुरांना असतं तसलं. खोपोलीकडे जाताना एक पाथरवट रस्त्याला बसायचा, त्याच्याकडे मी बघूनही आले. पाटीलही कबूल झाले असते. रोजची फोडाफोड त्यांनाही नको होती. पण घरी येऊन जेवायला बसले आणि घास तोंडात फिरायला लागला. दगडाला विटाळ होत नाही म्हणून डोणी ठेवायची, म्हणजे मी विटाळ आहे हे आधी मीच मान्य करायचं. त्या चार पोरींना हे शिकवायचं, की तुमच्या हातात खोट आहे, पण घाबरू नका, तिला पुरून उरेल असलं भांडं आणलंय. मला माझाच राग आला. इतका, की आई म्हणाली, "ताटावर का खेकसतेस गं?" दुसऱ्या दिवशी ताईला म्हटलं, डोणी नको. मातीचंच हवं, आणि ते फुटता कामा नये. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चुकलंच माझं." तिच्यासारखं सरळ चुकलं म्हणणारं माणूस मी पुढे क्वचित पाहिलं.

फाल्गुन उजाडला, ऊन चढलं, आणि एका सकाळी वर्गाच्या दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. डोक्यावर चुंबळ तशीच, पाय मातीने भरलेले. दोन गावं पलीकडची कुंभारीण. वर्गातली पोरं तिने एकेक न्याहाळली, मोजल्यासारखी, आणि मला बाहेर बोलावलं.

"बाई, खरं सांगा. कसली साथ आलीय पोरांत? देवी का पटकी?"

"कसली साथ? कुठे?"

"तुमच्या गावचा माणूस रोज येतो नि एक मडकं नेतो. वाजवून बघत नाय. उचलतो नि मागं न बघता चालाय लागतो. माझ्या जिवाला घोर लागलाय. इचारलं कुठं नेतोस, तर म्हणतो शाळेत. रोज एक! एवढी पोरं मरतायत नि कुणी काय बोलत नाय?"

मला आधी कळेचना. मग तिने सांगितलं. एरवी मडकं घ्यायला येणारा टिचकी मारतो, कानाशी धरतो, चार नापसंत करतो, पाचवं उचलतो. फक्त मयताचं मडकं घ्यायला आलेला माणूस वाजवत नाही. फुटायचंच असतं, चांगलं-वाईट कशाला बघायचं? तो एकच उचलतो, बोलत नाही, वळून बघत नाही. तो उंबऱ्याबाहेर पडला की घरातली बाई मागे पाणी शिंपडते. पाटलांचा माणूस फोडायलाच मडकं नेत होता, म्हणून वाजवत नव्हता. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. आणि ही बाई रोज त्याच्यामागे पाणी शिंपडत होती, आज कोणाचं पोर गेलं म्हणून रोज रडत होती.

मी तिला शाळेमागे नेलं. खापऱ्यांचा ढीग गुडघाभर झाला होता. ती त्यात बसलीच. एक काठाचा तुकडा उचलून तिने अंगठ्याने घासला, आपलंच बोट त्याच्यावर उमटलेलं बघितलं. मी सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. कोण फोडतं, का फोडतं, माझी जात कोणती होती.

"म्हंजे कुणी मेलं नाय?" तिने विचारलं.

"नाही हो आजी. कोणी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मग अशी काही भडकली! पदर खोचला आणि सरळ पाटलांच्या घराची वाट धरली. मी वर्ग हेडमास्तरांच्या गळ्यात टाकून मागोमाग गेले. असला प्रसंग कोण सोडणार?

पाटलांच्या अंगणात पाटलीणबाई आणि थोरली सून पापडाला बसल्या होत्या. सून दिवसांतली, सातवा चालू. म्हातारी अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "पाटील, रोज तुमच्या घरून माणूस येतो नि मयताचं मडकं नेतो. घरात सून अशी, नि तुमी रोज मयताचं मडकं आणवताय?"

पाटील ओसरीवरून म्हणाले, "काय तरी बरळू नको गं. शाळेला आणलंय ते."

"वाजवून नेलं का? एकदा तरी? इचारा त्याला. न वाजवता नेलं ते मयताचं. माझ्या सासूनं मला हेच शिकवलं, नि तिच्या सासूनं तिला. तुमी पैलं पाणी भरायच्या आधीच त्या मडक्याच्या नावानं मी रडून घेतलंय."

पाटलीणबाईंच्या हातातला पापड खाली पडला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, सुनेच्या पोटाकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, चारचौघांत त्यांना म्हणाल्या, "आजपासून एक मडकं आणाल तर बघा." पाटलांचाच नियम त्यांच्या दारात येऊन उभा राहिला होता, त्याला नाही म्हणणार कसं? मला आत उकळ्या फुटत होत्या. पण मी चेहरा मास्तरणीचा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर मडकंच नव्हतं. पाटलांनी आणायचंच बंद केलं. फोडणं थांबलं, पण पाणीही थांबलं. मी रविवारी कुंभारणीकडे गेले. तिने माझ्याकडून तीन मडकी वाजवून घेतली, तिसरं बरं वाटलं. ते तिने माझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं, हातात दिलं नाही. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. एका दिवशी एकच भांडण करावं. सोमवारी चौघींच्या वाडीच्या विहिरीचं पाणी भरून मी ते माझ्या डोक्यावरून शाळेत आणलं, ओट्यावर ठेवलं, पेला ठेवला, आणि पोरांना म्हटलं, ज्याला तहान लागेल त्याने प्यावं.

चौघी प्यायल्या. बाकीची पोरं उन्हातून पळत घरी जायची आणि परत यायची. अर्धी परत यायचीच नाहीत. हजेरी उतरायला लागली. हेडमास्तर रोज पट उघडायचे आणि माझ्याकडे न बघता मिटायचे. आठ दिवस असे गेले. मी बाहेरून ठाम होते. आतून मात्र घाबरले होते, हे आज कबूल करते. मडकं वाचलं होतं आणि शाळा हातची जायला लागली होती. त्या चौघींनाही ते कळत असावं. पाण्याच्या सुट्टीत त्या आता हळूच उठायच्या.

नवव्या दिवशी सुट्टीत खो-खो चालला होता. पाटलांची नात दुसरीत होती, दोन वेण्या, भारी चपळ. तिने चौघींतल्या धाकटीला खो दिला, धाकटीने गडी मारला, दोघी ओरडत ओट्यावर चढल्या. धाकटी प्यायली. तिने पेला पुन्हा भरला आणि काही विचार न करता शेजारी दिला. पाटलांची नात तो गटागट प्यायली. मग तिच्या लक्षात आलं. तिने माझ्याकडे बघितलं. अंगणातली सगळी पोरं उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "पाणी गार हाय."

मी म्हटलं, "नवं मडकं आहे ना. जा, घंटा होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाढे चालू असताना पाटील आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नातीचं मनगट. पोर रडून लाल झालेली. केस ओले, नव्याने न्हाऊ घातलेली. पाढे थांबले. पाटील ओट्यावर चढले आणि मडक्यासमोर उभे राहिले. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले. काठी पडली असती तर माझ्या खांद्यावर पडली असती. पण ती वर गेलीच नाही.

"हिनं घरी सांगितलंन," ते म्हणाले. "बाईंच्या मडक्यातलं प्यायली म्हणून. रात्रभर आमच्या घरात हेच. तिला आंघोळ घातली, गोमूत्र पाजलं. ती म्हणते, मी परत पिणार."

मी मडक्यापुढून हलले नाही.

"मडकं फोडता येतं, बाई," पाटील म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच म्हाताऱ्यासारखा आला. "मातीचं होतं, फोडलं. आता ही प्यायली. आता हिला काय करू?"

तोंडाळ म्हणून मी प्रसिद्ध होते. उत्तरं माझ्या जिभेवर तयार असायची, महिनाभर मी त्यांच्यासाठी एकाहून एक धारदार जमवून ठेवली होती. त्यांतलं एकही मला द्यावंसं वाटलं नाही.

"काही करू नका, पाटील," मी म्हटलं. "आत बसू द्या तिला. साताचा पाढा चाललाय."

मग त्यांनी नातीचं मनगट सोडलं.